फरशीवरचं ऐकणं

कारखान्याचा बॉयलर पेटल्याची बातमी आमच्या घरी पेपरातून येत नाही, मांडणीवरून येते. आमचं घर कोरेगावकडून कारखान्याला जाणाऱ्या रस्त्याच्या ऐन वळणावर आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावरच्या खड्ड्यात आदळला की वाट्या एकमेकींना लागून किणकिणतात, पाण्याच्या पिंपावर गोल गोल रेघा उठतात आणि ओसरीची शहाबादी फरशी खालून हादरते. मग दोन दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायला लागते, मळीचा आंबूस वास येतो, आणि रस्त्यावरून मोठ्या आवाजात गाणी लावलेले ट्रॅक्टर एकामागून एक जाऊ लागतात. दिवाळीच्या मागंपुढं सुरू झालेला हा गोंधळ शिमग्यापर्यंत चालतो. गाळप संपलं की लोक म्हणतात, पट्टा पडला. मग वाट्या गप्प होतात.

यंदाही वाट्या वाजायला लागल्या आहेत. या दिवसांत बाकीच्यांना काय काय आठवतं, कुणाला गरम गुळाची कढई, कुणाला उसाच्या फडात पळवलेला कोल्हा. मला एकच हंगाम आठवतो. त्या हंगामात माझी मुलगी तनू वर्षाची होती, ओसरीवर बसून प्रत्येक ट्रॅक्टरला वळून बघत होती, आणि आम्ही सगळे म्हणत होतो की हिला ऐकू येतं.

तनू आता दहा वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. हे वाक्य मी आता न थांबता लिहू शकते, पण ते लिहायला मला किती वर्षं लागली ते माझं मला माहीत.

तनूचे बाबा फौजेत आहेत, तोफखान्यात. आमच्या घरात तीन पिढ्या फौज आहे, आणि फौजी घरांत लहान मुलाचं एक कौतुक ठरलेलं असतं. मूल आवाजाला दचकलं नाही पाहिजे. तनू तान्ही असताना अंगणात लक्ष्मी बॉम्ब फुटला, शेजारचं पोर किंचाळून रडलं आणि तनू पाळण्यात मूठ चोखत पडून राहिली. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या ज्याला त्याला सांगत सुटल्या, "फौजीची पोर हाय. तोफ वाजली तरी हलायची न्हाई." लोक हसले, मीही हसले. मला तर अभिमान वाटला. 

दसऱ्याच्या आधी औंधला यमाईच्या डोंगरावर तिचं जावळ काढलं. रीतीप्रमाणे मामाच्या मांडीवर. माझा भाऊ सांगलीकडून मुद्दाम आला होता. जावळ काढून झाल्यावर तो तिला खांद्यावर घेऊन देवळात शिरला आणि आत्यांनी पदर खोचून घंटेचा टोल असा काही दिला की माझ्या दातांत कळ गेली. रांगेत आमच्यामागं एका बाईच्या कडेवर तनूच्याच वयाचं मूल होतं. ते एवढं दचकलं की त्याचं तोंड आईच्या हनुवटीवर आपटलं. तनू समईकडं बघत होती. तिच्या नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर हळद लावलेली होती आणि डोळ्यांत ज्योत दिसत होती. घंटा तिच्या कानापासून हातभर अंतरावर होती. आत्या म्हणाल्या, धीट आहे.  डोंगर उतरताना भावानं मात्र दोनदा तिच्या पाठीमागून टाळी वाजवली. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्यानंतर आठच दिवसांनी बॉयलर पेटला.

आठव्या महिन्यात तनू बाबाबा करायची. खूप करायची, लाळ गळेपर्यंत. दहाव्या महिन्यानंतर ते कमी कमी होत गेलं. शेजारची मुलं त्या वयात आत्याला आता, काकाला ताता म्हणायला लागली होती आणि तनूचं तोंड हळूहळू मिटत चाललं होतं. मी शिकलेली आहे, डी.एड. केलेलं आहे, बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले मार्क होते. माझ्या मनात शंका आली होती. मी ती आत्यांकडं बोलूनही दाखवली. सांगलीला कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून आणू म्हटलं. आत्यांनी सांगितलं की तिचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि आता बघ, फोनवर थांबत नाही. शिवाय उसाला तोड कधी येईल सांगता येत नव्हतं. एकदा टोळी फडात शिरली की माणसांना पाणी, चहा, गाडीवर लक्ष, हे सगळं आम्हा दोघींवरच. "ऊस गेला की जाऊ," त्या म्हणाल्या. आमच्याकडं सगळंच ऊस गेला की होतं. लग्नं, घराची डागडुजी, मोतीबिंदू. त्यात माझ्या मुलीचे कानही जाऊन बसले.

आणि मग ट्रॅक्टर सुरू झाले आणि तनू वळायला लागली.

ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. सकाळचं ऊन ओसरीवर निम्म्यापर्यंत आलेलं. तनू दोन पाय फाकून फरशीवर बसलेली, समोर स्टीलचा पेला आणि चमचा. लांबून ट्रॅक्टरची घरघर येते, वळणावर खड्डा, धडाम, आणि तनूची मान रस्त्याकडं. प्रत्येक वेळी. कधी कधी तर ट्रॅक्टर नजरेला पडायच्या आधी. आत्या दारातून ओरडल्या, "बघ, ऐकतीया का न्हाई? उगाच पोरीला नाव ठेवती." मी भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि रडले. इतकं हलकं मला तिच्या जन्माच्या वेळीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी गाणी वाजवणाऱ्या त्या ड्रायव्हरांना मनातल्या मनात दुवा दिला. एरवी त्यांच्या आवाजानं माझं डोकं उठायचं.

इथपर्यंतची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पाहुणे आले की आत्या ती सांगतात. जमीन हादरायची म्हणून पोरगी वळायची आणि आम्हाला वाटायचं ऐकती, असं आम्ही अडाणी. सांगताना त्या कपाळावर हात मारून घेतात आणि शेवटी म्हणतात, माझ्यामुळं थांबलं, मी म्हटलं ऊस गेला की जाऊ. दरवर्षी एकदा त्या अनवाणी औंधचा डोंगर चढतात, गुडघे धरून चढतात, त्यापायीच. मी खाली चपला सांभाळत उभी असते.

यापुढची गोष्ट फक्त मला माहीत होती.

ट्रॅक्टर सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील. मी तनूला कडेवर घेऊन तुळशीपाशी उभी होते. रिकाम्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. रिकाम्या ट्रॉल्या भरलेल्यांपेक्षा जास्त वाजतात, साखळ्या आपटतात, पत्रे थडथडतात, वर त्याचं गाणं. माझ्या स्वतःच्या कानात दडे बसले. तनू माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या एकीवर एक ठेवायचा प्रयत्न करत होती. तिनं वर पाहिलं नाही. ट्रॅक्टर घरासमोरून गेला, शाळेपर्यंत गेला, आवाज विरला. ती वाट्यांशीच खेळत होती.

मी दुसऱ्या ट्रॅक्टरची वाट पाहिली. तिला घेऊन उभी राहिले. तो आला, गेला. मग तिला खाली फरशीवर ठेवलं. तिसरा ट्रॅक्टर आला आणि तनू वळली.

मला कळलं. हे मी स्पष्टच लिहिते, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही असं सांगत आले की तेव्हा नुसती शंका होती. शंका नव्हती. मला त्या क्षणी कळलं की ही कानानं ऐकत नाही, बुडाखालच्या दगडानं ऐकते. आणि ते कळल्यावर मी काय केलं, तर ट्रॅक्टरची चाहूल लागली की तनूला कडेवरून खाली ठेवायला लागले. फरशीवर. म्हणजे ती वळेल. म्हणजे मी बघेन की ती वळली. आत्यांना हाक मारून दाखवेन की बघा, वळली. पाच महिने मी हे केलं. हातात पोळी लाटायचं काम असलं तरी पळत बाहेर यायचे, तिला झोळीतून उचलून फरशीवर बसवायचे. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय हौशी आई आहे.

फोनवर तनूचे बाबा विचारायचे, बोलते का काही. मी सांगायचे, बोलेल, ऐकते तर सगळं. त्यांच्याशी मी इतकं सहज खोटं आधी कधी बोलले नव्हते. त्यांची पोस्टिंग तेव्हा लांब सरहद्दीवर होती, आठवड्यातून एकदा रेंज मिळायची. एवढ्या लांबच्या माणसाला काळजी कशाला, असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो.

का केलं, याची उत्तरं मी खूप शोधली. भीती होती, हे एक. पण भीतीनं माणूस डॉक्टरकडं धावतो. मला वाटतं, मला ती ऐकणारी मुलगी हवी होती. फरशीवर बसवलं की ती मला मिळायची, ट्रॅक्टर जाईपर्यंत, एवढाच वेळ. तेवढ्यासाठी मी खरी मुलगी बाजूला ठेवली. कडेवरची, मंगळसूत्राच्या वाट्या मांडणारी, समईकडं बघणारी.

तनूचे बाबा रजेवर आले तेव्हा पट्टा पडायला आठवडा राहिला होता. आमचा ऊस जाऊन दीड महिना झाला होता. ऊस गेला होता आणि मी सांगलीचं नाव काढलं नव्हतं. आत्या तर निर्धास्तच होत्या, त्यांना मी रोज पुरावा दाखवत होते. तनूच्या बाबांनी आल्या आल्या तिला उचललं. दोन दिवस ते तिच्याशी खेळत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता शांतपणे म्हणाले, "ही माणसाच्या तोंडाकडं बघतीया. आमच्यात तोफांनी ज्यांचं कान गेल्यात ती पोरं अशीच बघत्यात."

आत्या म्हणाल्या, ट्रॅक्टरला वळते की. ते उठले, तनूला खांद्यावर घेऊन अंगणात गेले आणि उभे राहिले. मी कपबशी धरून दारात. मला माहीत होतं काय होणार आहे, आणि ट्रॅक्टर येऊच नये असं मला वाटत होतं. तो आला. तनू बापाच्या शर्टाचं बटण तोंडात धरून बसली होती. ट्रॅक्टर गेल्यावरही ते बराच वेळ तसेच उभे राहिले, पाठमोरे. मग वळून आत आले आणि मला म्हणाले, "उद्या सांगलीला जायचं."

सांगलीला तिला झोपेचं औषध देऊन तपासलं. डोक्याला वायरी लावलेली माझी मुलगी पांढऱ्या चादरीवर झोपली होती आणि पडद्यावरच्या रेषा सरळ जात होत्या. तपासणाऱ्या बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी कागद पुढं ओढून विचारलं, पहिल्यांदा शंका कधी आली? मी म्हणाले, आत्ताच, हे रजेवर आले तेव्हा. त्यांनी तसं लिहून घेतलं. त्या कागदाची झेरॉक्स आमच्या फाइलमध्ये आजही पहिल्या पानावर आहे.

पुढचं सगळं झालं, जसं अशा घरांत होतं. आधी कानामागची मशिनं, त्यांनी भागेना. मग फौजेच्या दवाखान्यात तपासण्या, मग एकदा ताप, एकदा तारीख गेली, एकदा यांची रजा मिळेना. कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन झालं तेव्हा तनू चौथ्या वर्षात होती. यंत्र बसल्यावर पहिल्यांदा आवाज पोचला तेव्हा ती घाबरून रडली. त्यानंतर मी तिच्याबरोबर आठवड्यातून तीनदा सांगलीला जायचे, एसटीनं, मांडीवर चित्रांची पुस्तकं घेऊन. प ची चित्रं, म ची चित्रं. तोंडापुढं कागदाचा कपटा धरायचा, प म्हटलं की तो हलला पाहिजे. माझा कपटा हलायचा. तिचा कधी हलायचा, कधी नाही. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच भेटीत मऊ आवाजात सांगितलं होतं की या वयात एकेक महिना मोलाचा असतो. दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं, मागचे महिने मोजत बसू नका, पुढचे बघा. मी मोजते. मला थांबवताच येत नाही.

आज तनूला यंत्र लावलं की आवाज कळतात. हाक मारली की बघते. पण शब्द तिला तुटक तुटक येतात आणि ती बोललेलं फक्त मला आणि तिच्या बाबांना समजतं. गल्लीतली मुलं दोनदा काय म्हणतात, तिसऱ्यांदा निघून जातात. सांगलीच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत मात्र ती बदलते. तिथं हातांनी बोलणाऱ्या मुली आहेत, वसतिगृहाच्या अंगणात त्यांच्या हातांचा नुसता दंगा चालू असतो. मी भेटायला गेले की गेटातून आधी थोडा वेळ बघत राहते. ती एवढी बोलकी आहे हे मला तिथं कळतं. घरी आली की पहिल्या दिवशी ती यंत्राचा बाहेरचा भाग काढून कपाटात ठेवते. हंगामात तर ठेवतेच, ट्रॅक्टरच्या गाण्यांनी तिचं डोकं दुखतं.

तनूची एक सवय आहे. तिला राग आला, किंवा बोलणं पुरे झालं असं वाटलं, की ती डोळे मिटते. एकदा तिनं डोळे मिटले की जगातलं कुणीही तिला काही सांगू शकत नाही. ना ओरडून, ना हातांनी. बाकीची मुलं रागावून दार लावून बसली तरी दाराबाहेरून बोलता येतं. हिला ती सोय नाही, म्हणजे मला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली आहे. घरात धाकट्या जावेचं सात महिन्यांचं बाळ आहे, शंभू. त्याची कानाची तपासणी मी हट्ट धरून पहिल्याच महिन्यात करून घेतली, सगळं व्यवस्थित आहे. परवा सकाळी शंभूला ओसरीवर बसवलं होतं, उशांचा टेकू देऊन. आत्या जवळच वाती वळत होत्या. ट्रॅक्टर आला, वाट्या वाजल्या, शंभू वळला. आत्या म्हणाल्या, "आमची तनू बी अशीच वळायची बघ," आणि पदर डोळ्यांना लावला. वाती घेऊन त्या आत गेल्या.

तनू खांबाला टेकून बसली होती. आत्यांच्या ओठांवर तिला तिचं नाव कळलं असावं. ती गोष्ट तिला माहीतच आहे, लहानपणापासून तिच्या देखत कितीतरी वेळा सांगितलेली. तिनं शंभूकडं पाहिलं, फरशीकडं पाहिलं. मग दोन्ही तळवे फरशीवर टेकून थांबली. थोड्या वेळानं झटकन उठली, शंभूला उचलून कडेवर घेतलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं. मग वळणावरून रिकाम्या ट्रॉल्या आल्या. कडेवरचा शंभू दचकला, त्यानं मान वळवली आणि ट्रॅक्टर जाईपर्यंत बघत राहिला. तनू त्याच्या तोंडाकडं बघत होती.

तिनं त्याला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मग समोर बसून तिनं स्वतःकडं बोट केलं, दोन्ही हात फरशीपासून वर उचलले, आणि माझ्याकडं बोट करून भुवया वर केल्या. मला उचललं होतंस?

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, तिच्या बाबांनी नाही. नाही म्हणणं सोपं होतं, मान आडवी हलवायची. फाइलमध्ये तेच लिहिलेलं होतं. शंभू माझ्या बांगड्या ओढत होता. मी मान खाली-वर हलवली. हो, उचललं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

 तिनं मनगटावर बोट ठेवून विचारलं, किती? किती दिवस?

मी हात पुढं केला आणि पाच बोटं उघडून दाखवली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं खूण केली, पान उलटल्यासारखं केलं, म्हणजे तिला दिवस वाटू नयेत. तिनं माझी बोटं एकेक करून मोजली, बोटाला बोट लावून, शाळेत शिकवतात तशी. करंगळीपाशी थांबली. पुन्हा अंगठ्यापासून मोजली. पाचच होती.

मग तिनं डोळे मिटले.

मी हात तसाच धरून बसले. आतून डोकावून आत्यांनी विचारलं, पोरीनं डोळं का मिटलं, आणि मी त्यांनाही सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात वळणावर ट्रॅक्टर आला, वाट्या वाजल्या, फरशी हादरली. तनूच्या पापण्या जराशा हलल्या, पण तिनं डोळे उघडले नाहीत.